चुकांची वही

मुलगा वीस महिन्यांचा असेल. जत्रेत घेतलेली तळहाताएवढी लाल मोटार त्याने फरशीवर ठेवली, बोटाच्या टोकाने तिचं इवलंसं दार अलगद उघडलं आणि त्या दारातून स्वतःचा उजवा पाय आत घालायला लागला. पाय जाईना. त्याने मोटार फिरवली, पलीकडच्या दाराने खटपट केली. तेही जमेना तेव्हा सरळ टपावर बसकण मारली. मोटार सुळकन निसटली, तो धपकन मागे पडला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. गाडी नादुरुस्त आहे आणि गॅरेजवाला मी आहे, अशी ती नजर होती.

आजी, म्हणजे माझी आई, हसून बेजार झाली. मीही हसलो. पण रात्री पडल्या पडल्या मला ते दार उघडणारं बोट आठवत राहिलं. दार केवढं आहे, त्याला किती हलका हात लावायचा, हे बोटाला अचूक ठाऊक होतं. मग त्याच गाडीत आपण मावणार नाही, हे पायाला का ठाऊक नसावं?

पुढे वाचनात आलं की हा वेडेपणा आमच्या घरापुरता नाही. ज्युडी डिलोश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात नेमकं याच्यावर लिहिलं. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांनी एका खोलीत खेळायला सोडलं. तिथे मुलाला बसता येईल एवढी मोटार, बसता येईल एवढी खुर्ची आणि एक घसरगुंडी होती. मुलं रमली. मग काही कारण काढून त्यांना बाहेर नेलं आणि तेवढ्या वेळात या तिन्ही वस्तू उचलून त्यांच्या जागी हुबेहूब तशाच, पण चिमुकल्या वस्तू ठेवल्या. परत आल्यावर त्यांतली बरीच मुलं वीतभर घसरगुंडीवरून घसरायला आणि बाहुलीच्या खुर्चीत बसायला निघाली. गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून.

त्यांनी लावलेला अर्थ मला फार आवडतो. वस्तू पाहिल्यावर 'हे काय आहे' हे ओळखण्याचं काम आणि 'याला हात कसा लावायचा' हे ठरवण्याचं काम मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतं. मोठ्यांमध्ये या दोन वाटा इतक्या सराईतपणे एकत्र येतात की त्या दोन आहेत याचा पत्ताच लागत नाही. दोन वर्षांच्या मुलात कधीकधी त्यांची चुकामूक होते. पहिली वाट सांगते, 'मोटार! बस!' दुसरी वाट बोटांना लहान दार अलगदच उघडायला लावते. आणि 'अरे, पण आकार?' असं मध्येच अडवणारं कुणी अजून कामावर रुजू झालेलं नसतं.

बारशाला आम्हाला एक वही भेट मिळाली होती, छापील. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, प्रत्येकाला एक पान आणि कोपऱ्यात फुगे. त्याची आई ती नेमाने भरायची. मोटारीच्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी मी ती वही उलटी केली, मागच्या बाजूने पहिल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, 'लाल मोटारीत पाय.' तेव्हापासून पुढून पराक्रम आणि मागून चुका अशी ती वही दोन्ही बाजूंनी भरत गेली. पराक्रमांची बाजू लवकर आटोपली. दात एकदाच पहिला येतो.

आधीच्या चुका मग आठवून आठवून लिहिल्या. त्यांतली एक नऊ-दहा महिन्यांची. आजी सतरंजीवर दोन रुमाल पसरायची आणि त्याच्या देखत एका रुमालाखाली लिंबू लपवायची. तो रुमाल ओढायचा, लिंबू सापडायचं, आनंदीआनंद. चार-पाच वेळा असं झालं की ती त्याच्या डोळ्यांदेखतच लिंबू दुसऱ्या रुमालाखाली सरकवायची. हा पठ्ठ्या ते नीट बघायचा आणि पुन्हा पहिलाच रुमाल ओढायचा. खाली काही नाही. आश्चर्य! आजीला माहीत नव्हतं की ती स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजेंचा प्रयोग करते आहे. पियाजेंनी तो स्वतःच्या तीन मुलांवर केला होता. त्यांना वाटलं की या वयात मुलाला वस्तूचं स्वतंत्र अस्तित्व पुरतं कळलेलं नसतं. लिंबू म्हणजे 'तिथे ओढल्यावर येणारी गंमत', एवढंच.

गोष्ट तिथे संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पण १९९९ साली लिंडा स्मिथ, एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधीच युक्ती केली. बसून खेळणाऱ्या बाळाला जागा बदलण्याच्या वेळी धरून उभं केलं. बाळ तेच, वस्तू तीच, तरी चूक पुष्कळ कमी झाली. म्हणजे लिंबाची समज डोक्यात कमी होती असं नाही. बसलेल्या अंगाच्या हाताला पहिल्या रुमालाकडे जायचं वळण पडलं होतं. अंग बदललं, वळण सुटलं. आपणही जिन्याखालचं दिव्याचं बटण नव्या घरात जुन्याच उंचीवर चाचपत असतो, त्याच जातीचं हे काहीतरी.

थेलेनबाईंचं नाव निघालंच आहे, तर नवजात बाळाच्या चालण्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या बाळाला काखेत धरून तळवे जमिनीला टेकवले तर ते एकामागून एक पाय उचलतं, चालल्यासारखं. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास हे बंद होतं. पाठ्यपुस्तकं म्हणायची की मेंदू परिपक्व होऊ लागतो आणि ही जन्मजात प्रतिक्रिया दाबून टाकतो. थेलेन यांना शंका आली, कारण पाठीवर झोपवलेलं तेच बाळ तशाच लयीत पाय झाडत असतं. त्यांनी १९८४ साली अशा बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरलं आणि पाय पुन्हा चालायला लागले! दरम्यान बाळ गुटगुटीत झालेलं असतं. मांड्यांवर वळ्या येतात आणि त्या मानाने स्नायूंत जोर नसतो, म्हणून पाय उचलत नाहीत. मेंदूने काही दाबलेलं नव्हतं. वजन झेपत नव्हतं, इतकंच. पाय पाण्यात हलके झाले. हे वाचून मी आजीला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "व्हय की, न्हाणीत पाय मारतंयच की लेकरू." तिच्यापुढे विज्ञान नेहमी असं पडतं.

चालण्याच्या बाबतीत मात्र आजीने आमची झोप उडवली होती. शेजारचा अकराव्या महिन्यात चालला, माझा धाकटा भाऊ दहाव्या. आमचे चिरंजीव चौदावा लागला तरी रांगण्यात मग्न. शेवटी मी जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ सालचा तक्ता शोधून काढला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या आठशेवर निरोगी मुलांवरून तो बनवला आहे. आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. त्यात आधाराशिवाय चालण्याची वेळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. जवळपास साडेनऊ महिन्यांची ही ऐसपैस खिडकी, आणि आपण तिच्यात एकच तारीख धरून बसतो. त्याच पाहणीतली शेकड्याला चारांहून थोडी जास्त मुलं गुडघ्या-हातांवर रांगलीच नाहीत आणि तरी व्यवस्थित चालली. तक्ता आजीला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "यात आपल्या गल्लीतलं कोण हाय?"

चालायला लागल्यावर तो पडायलाही लागला, आणि केवढा! न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन ॲडॉल्फ यांनी आयुष्य या पडण्याच्या अभ्यासात घातलंय म्हटलं तरी चालेल. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी खेळताना त्यांच्या गटाने मोजली. २०१२ साली छापलेली सरासरी अशी: तासाला २,३६८ पावलं, ७०१ मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं. एका तासात सतरा वेळा पडणारा माणूस मोठ्यांच्या जगात रुग्णालयात भरती झाला असता. मूल उठून चालू लागतं.

मग प्रश्न पडतो की सराईत रांगणाऱ्याने हा आतबट्ट्याचा व्यवहार करावाच का? रांगताना तो वेगात जात होता, कुठे थांबायचं ते कळत होतं. ॲडॉल्फ यांच्या आकड्यांत उत्तर आहे. नवं चालणारं मूल तासाला जास्त वेळा पडतं खरं, पण ते हिंडतंही कितीतरी जास्त. कापलेल्या अंतराच्या हिशोबाने पाहिलं, तर रांगणाऱ्यापेक्षा ते जास्त पडत नाही. तोटा दिसतो तेवढा नाही आणि नफा रोख आहे.

त्यांचा आणखी एक प्रयोग मला अजून चकित करतो. त्यांनी कमी-जास्त करता येईल असा उतार बनवला. नुकतं रांगायला लागलेलं मूल कोणत्याही उतारावर बेधडक डोकं खाली घालतं. प्रयोग करणारे शेजारीच असतात, ते झेलतात. काही आठवड्यांच्या सरावाने मूल शहाणं होतं. उतार बघून थांबतं, हाताने चाचपतं, झेपणार नसेल तर जात नाही. मग ते चालायला लागतं. आणि परवापर्यंत रांगताना ज्या उतारापाशी थांबत होतं, त्याच उतारावर आता उभ्याने बेधडक पाऊल टाकतं! रांगण्याने आलेलं शहाणपण चालण्याला लागू पडत नाही. अंग उभं राहिलं की तोल नवा, नजरेची उंची नवी, धडे पहिल्यापासून. आमच्या इमारतीच्या पार्किंगला उतार आहे. तिथे पहिल्या आठवड्यात पोरगा जो सुटला, ते बघून वॉचमनकाका खुर्ची टाकून धावले होते. 'रांगताना इथे नेहमी वळून मागे यायचा,' असं मी वहीत लिहिलं आहे, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

भाषेच्या चुकांनी मात्र वहीची अर्ध्याहून अधिक पानं खाल्ली.

त्याआधी एक गोष्ट, जी चुकीत धरावी की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. १९८४ सालीच कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले दोन आवाज ऐकवले, 'ट' आणि 'त'. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना हे दोन्ही एकसारखेच वाटतात. आवाज बदलला की मुलाने मान वळवायची. बरोबर वळवली की एक खेळणं उजळून हलू लागे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक कळला, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी 'ट' म्हटलं नव्हतं त्यांनाही. दहा-बारा महिन्यांच्या मुलांत तो ओळखणारी अगदी थोडी उरली. वर्षभरात कान घरच्या भाषेला जुळतो आणि जे घरात लागत नाही त्याकडे काणाडोळा करतो. पहिला शब्द बोलण्याआधीच मूल हे एवढं मोठं काम उरकतं. आणि या कामात मिळवण्याइतकंच गमावणंही आहे. छापील वहीत त्याला पान नव्हतं.

पहिला शब्द 'मंमं'. हा आमच्याकडे भात, वरण, बिस्कीट, एकूण खाणं. मोठी माणसं बाळाशी बोलताना वापरतात ते हे शब्द, मंमं, दुदू, भूर, बाऊ, भूभू, हम्मा, यांचा गंभीरपणे अभ्यास झालाय हे कळल्यावर मला कोण आनंद झाला. अशोक केळकरांनी १९६४ साली मराठी बाळबोलीवर 'वर्ड' या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात इंग्रजीतून निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांच्या बाळबोली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि त्या सहांत मराठी होती. कोमांची, अरबी, गिल्याक यांच्या पंगतीला आपलं मंमं-दुदू! दूरदूरच्या या भाषांतही मोठी माणसं बाळासाठी सारख्याच खोड्या करतात. अवघड आवाज गाळतात, अक्षर दोनदा म्हणतात, ओठांचे आवाज पुढे करतात.

आता योगायोग पाहा. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या, १८३९ साली जन्मलेल्या विल्यमच्या, तान्हेपणाची टिपणं ठेवली होती. ती त्याने १८७७ साली 'माइंड'मध्ये छापली. त्यात तो नोंदवतो की बरोबर एक वर्षाचा झाल्यावर मुलाने खाण्यासाठी स्वतःचा शब्द बनवला, 'मम'. पुढे साखर ही 'शु-मम' झाली. आणि 'ब्लॅक' शब्द शिकल्यावर ज्येष्ठमधाची काळी गोळी झाली 'ब्लॅक-शु-मम'. काळं साखरखाणं! माणसाच्या उत्क्रांतीवर लिहिणारा हा दाढीवाला गृहस्थ पोराच्या ज्येष्ठमधाची व्युत्पत्ती लिहून ठेवतो, हे वाचून माझ्या वहीची मला लाज वाटेनाशी झाली.

आमच्या पोराला 'ळ' येत नव्हता. जिभेचं टोक वळवून टाळूकडे न्यायचं आणि तिथून झटकायचं, ही कसरत लहान जिभेला उशिराच जमते. त्यामुळे बाळ 'बाल' आणि केळं 'केलं'. "आजी, केलं दे." "काय केलं?" "केलं!" असा संवाद एकदा पाच मिनिटं चालला. ज्याला तो 'केलं' म्हणे ते त्याच्या कानाला 'केळं'च ऐकू येत असावं. कारण मी चेष्टेने "केलं हवं?" विचारलं की तो चिडायचा: "केलं नाही, केलं!" तोंड चुकत होतं, कान चुकत नव्हता.

मग व्याकरण. अडीच वर्षांचा असताना तो म्हणायला लागला, "मी येते." "मी पडले." "मला नको, मी जाते." मराठी घरातल्या लहान मुलग्यांची ही चूक सगळ्यांच्या ओळखीची आहे. पण ती चूक करण्यासाठी काय काय समजावं लागतं, याचा कुणी विचार करत नाही. मराठीत बोलणारा स्वतःबद्दल बोलतानाही आपण पुरुष की बाई ते क्रियापदात सांगतो. मुलाला हे कुणी सांगत नाही. ते फक्त ऐकतं. आमच्या घरचा पुरावा तर आणखी गोंधळाचा. आजी कागलची. तिकडच्या बायका सर्रास "मी येतो", "मी जेवलो" म्हणतात. म्हणजे घरात 'येतो' म्हणणारी दोन माणसं, एक मिशीवाला आणि एक लुगड्यातली, आणि 'येते' म्हणणारी एकटी आई. बहुमताने 'येतो' जिंकायला हवा होता. पोराने 'येते' उचललं. त्याच्या कानावर दिवसभर कुणाचा आवाज पडतो आणि बाबा घरात किती असतो, याचा असा लेखी पुरावा दुसऱ्या कुणी दिला असता तर मी भांडलो असतो.

तीन वर्षांनंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. आधी व्यवस्थित "मी काम केलं" म्हणणारा मुलगा "मी काम करलं" म्हणायला लागला. "बाबा आला" म्हणणारा "बाबा येला" म्हणायला लागला. त्याची आई घाबरली. शिकलेलं विसरतोय की काय? उलट होतं. आधीचं 'केलं' त्याने अख्खंच्या अख्खं, पोपटासारखं उचललेलं होतं. आता त्याला मागचा नियम सापडला होता. बसला, हसला, रडला, मग 'कर'चं 'करलं' आणि 'ये'चं 'येला' का नाही? घरात कुणीच 'येला' म्हणत नाही. म्हणजे ही नक्कल असूच शकत नाही, हा शोध आहे. जगभरच्या मुलांत हा वळसा दिसतो. आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर. मधली चूक नियम सापडल्याची खूण असते, आणि मराठीचे अपवाद मान्य करायला मुलाला आणखी काही महिने लागतात. मोठ्यांनाही कुठे लवकर मान्य होतात?

नियम खरंच सापडलाय का हे तपासायची नामी रीत जीन बर्को हिने १९५८ साली काढली. तिने जगात नसलेल्या प्राण्यांची चित्रं दाखवून, त्यांना जगात नसलेली नावं देऊन, मुलांना अनेकवचनं विचारली. मी वहीच्या मागच्या पानावर तीन पायांचं, शेंडीवालं एक काहीतरी काढलं. "हा टुमका. आता इथे दोन आहेत. दोन..." तो क्षणभरही थांबला नाही. "टुमके!" मग फ्रॉक घातलेली काढली. "ही टुमकी. आता या दोन..." "टुमक्या." मला खरोखर अंगावर काटा आला. टुमका हा शब्द जन्माला येऊन दहा सेकंद झाली होती आणि त्याची अनेकवचनं त्या चार वर्षांच्या डोक्यात तयार बसली होती. मला विचाराल तर पहिल्या पावलापेक्षा हे मोठं. पहिल्या पावलाचा आमच्याकडे व्हिडिओ आहे, टुमक्याचा नाही.

काळाच्या बाबतीत तो बराच दिवस वाटेल तसा हिंडत होता. "उद्या आपण मामाकडे गेलो होतो ना?" "काल मी मोठा होणार." त्याचा 'काल' म्हणजे आज नाही असा कुठलाही दिवस. आम्ही दुरुस्त करत होतो, समजावत होतो, आणि मग एक दिवस त्याच्या आईने सांगितलं, "आत्या परवा आली होती, आता परवा परत येणारे." तो बघतच राहिला. काल आणि उद्या वेगळे ठेव म्हणून त्याच्यामागे लागलेली माणसं स्वतः मात्र मागचा आणि पुढचा दिवस एकाच शब्दात भरत होती. त्या दिवशीची नोंद मी आमच्या नावावर घातली.

लपंडावात तो साडेतीन वर्षांपर्यंत खोलीच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी डोळे झाकायचा, झालं लपणं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं. मला वाटायचं, त्याला दिसत नाही म्हणून मलाही दिसत नाही असं त्याला वाटतं. केंब्रिजच्या जेम्स रसेल यांच्या गटाने २०१२ साली हे तपासलं तेव्हा मुलांची उत्तरं जास्त खोल निघाली. डोळे झाकलेल्या मुलाला विचारलं, "तू मला दिसतोस का?" "नाही." "तुझं अंग दिसतं का?" "हो." अंग दिसतंय, पण 'मी' दिसत नाही! इतकंच नाही. मुलाचे डोळे उघडे आहेत पण दोघांची नजर भिडलेली नाही, तरीही बऱ्याच मुलांच्या मते 'मी दिसत नाही'. एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं तरच माणूस दिसतो, असा काहीसा त्यांचा सिद्धांत. आपणही उधारी थकली की दुकानदाराची नजरच चुकवतो. अंगाने तिथूनच जातो.

आणि तो निळा डबा. लोण्याच्या बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा बहुतेक मराठी घरांत असतो आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात. साडेतीन वर्षांचा असताना त्याने बिस्किटासाठी आकांत मांडून तो उघडायला लावला. आत रिळं, सुया, हुक, सुटी बटणं. रडणं थांबल्यावर मी विचारलं, "आता काका आला आणि त्याला हा बंद डबा दाखवला, तर आत काय आहे असं त्याला वाटेल?" "दोरा." "आणि उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" "दोरा." गालावर अजून बिस्किटासाठीचे ओघळ होते! गोळ्यांच्या डबीत पेन्सिली ठेवून हा प्रयोग मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात केला आहे आणि तीन वर्षांची मुलं सहसा असंच उत्तर देतात. जे खरं आहे तेच सगळ्यांना माहीत असतं. माझ्या डोक्यात एक आणि तुझ्या डोक्यात दुसरंच असू शकतं, किंवा काल माझ्याही डोक्यात चुकीचं काही होतं, हे बहुतेकांना चार वर्षांच्या आसपास उमगायला लागतं.

ते उमगल्याची पावती आम्हाला दिवाळीत मिळाली. बेसनाचा एक लाडू कमी होता. पोराच्या ओठांवर पिवळी पूड. "मी नाही खाल्ला," तो आईच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "आजीने खाल्ला." खोटं बोलायला आधी समोरच्याच्या डोक्यात खऱ्यापेक्षा वेगळं काही बसवता येतं, हे कळावं लागतं. पूड पुसायला हवी हे कळायला आणखी वेळ लागतो. त्याची आई रागावायला पुढे झाली. मी वही आणायला उठलो. आजी म्हणाली, "व्हय, मीच खाल्लो," आणि प्रयोगाचा पार विचका केला.

आता तो पाच वर्षांचा आहे. मागच्या बाजूच्या नोंदी विरळ होत चालल्यात. मधला महिना तर कोराच गेला. वही चाळताना लक्षात आलं की पहिल्या वेळेची तारीख बहुतेक नोंदींना आहे, शेवटच्या वेळेची एकीलाही नाही. तो 'येला' शेवटचं कधी म्हणाला? डोळे झाकून लपायचं कधी थांबला? 'ळ' तर असा चोरपावलांनी आला की एका सकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने मला बजावलं, "बाबा, केलं नाही. केळं. ळ, ळ. जीभ अशी कर."

कारण तेव्हाही आम्ही तिघं मोठी माणसं त्याच्याकडून उचललेलं 'केलं'च म्हणत होतो, आणि सवय अजून गेलेली नाही. आजी मंडईतून येते, पिशवी ओट्यावर ठेवते आणि हाक मारते, "डझनभर केली आणलोय रे, गोड हाईत." पोरगा कपाळाला हात लावतो.